दिव्यावरचा पतंग : एका दृष्टान्ताची फेरतपासणी

दिव्यावर झेपावून जळणारा पतंग हे भारतीय अध्यात्मपरंपरेतले आसक्तीचे सर्वांत परिचित उदाहरण आहे. कीर्तनात, प्रवचनात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते इतक्या सहजपणे येते, की पतंग खरोखर का जळतो हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. रूपाचा लोभ त्याला ज्योतीकडे ओढतो आणि त्या लोभापायी तो प्राणाला मुकतो, हे उत्तर आधीच तयार असते. या उदाहरणाला भागवताच्या अकराव्या स्कंधाचा भक्कम आधार आहे. तेथे यदुराजाला भेटलेला अवधूत, ज्याला परंपरा दत्तात्रेय मानते, आपल्या चोवीस गुरूंची ओळख करून देतो आणि पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, मधमाशी यांच्या पंक्तीत पतंगालाही बसवतो. संत एकनाथांनी याच स्कंधावर मराठी टीका लिहिली, ती १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण झाली आणि एकनाथी भागवताच्या रूपाने हा पतंग वारकऱ्यांच्या घराघरांत पोहोचला.

परंपरेत पतंगाचा अर्थ मात्र सर्वत्र एकच नाही. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाच्या मुखात वेगाने शिरणारे योद्धे अर्जुनाला पेटत्या अग्नीत शिरणाऱ्या पतंगांसारखे दिसतात. तेथे भर लोभावर नसून काळाच्या अनिवार ओढीवर आहे. पाली त्रिपिटकातील ‘उदान’ या ग्रंथात श्रावस्तीच्या अंधाऱ्या रात्री तेलाचे दिवे जळत असताना त्यांत पडून मरणारे किडे बुद्ध पाहतात, आणि त्यांच्या उद्गारात दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टींना चिकटण्याबरोबरच आणखी एक गोष्ट येते : हे जीव साराला न गाठता त्याच्या पलीकडे धावत सुटतात. भागवतातील अर्थ या दोहोंपेक्षा वेगळा व अधिक कठोर आहे. इंद्रिये न जिंकलेला पुरुष स्त्रीच्या रूपाला भुलतो आणि अग्नीत पडणाऱ्या पतंगासारखा अंधारात कोसळतो, असे तेथे सांगितले आहे. अशा मांडणीत दोष पतंगाच्या वासनेवर जातो, आणि त्याहून अन्यायाची गोष्ट म्हणजे माणसांपैकी अर्ध्या वर्गाला ज्योतीच्या, म्हणजे नाशाच्या साधनाच्या जागी बसवले जाते.

या उदाहरणाची तपासणी करण्याचा अधिकार बाहेरून आणावा लागत नाही, तो भारतीय तर्कशास्त्रानेच दिलेला आहे. अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत दृष्टान्ताची व्याख्या अशी केली आहे, की ज्या गोष्टीविषयी सामान्य लोकांची आणि परीक्षकांची, म्हणजे शास्त्रीय कसोटी लावून पाहणाऱ्यांची, समजूत सारखी असते ती गोष्ट दृष्टान्त होय. अनुमान दुसऱ्याला पटवून देण्यासाठी नैयायिक जी पाच अंगे सांगतात, ती प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही होत, आणि त्यांतले उदाहरण हे दृष्टान्ताच्याच बळावर उभे असते. याचा सरळ परिणाम असा, की एखाद्या गोष्टीविषयी परीक्षकांचे मत बदलले आणि लोकांचे मत जुनेच राहिले, तर ती गोष्ट या व्याख्येनुसार दृष्टान्त राहत नाही. तिला पुन्हा तपासून नव्या समजुतीवर उभे करावे लागते. पतंगाच्या बाबतीत नेमकी हीच वेळ आली आहे.

तपासणी करायची तर ‘पतंग’ या सामान्य नावामागे उभा असलेला एखादा खरा जीव समोर ठेवणे बरे. हॉकमॉथ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, जोरकस उड्डाणाच्या पतंगांचे एक कुल आहे. त्याचे शास्त्रीय नाव स्फिन्जिडी. त्यातील डॅफ्निस नेरी ही जाती आफ्रिका व दक्षिण आशियाच्या उष्ण प्रदेशांत राहते, उन्हाळ्यात स्थलांतर करत युरोपपर्यंत जाते आणि महाराष्ट्रातही आढळते. १७५८ मध्ये लिनियसने तिला नाव देताना कण्हेरीचा उल्लेख त्यात ठेवला, कारण तिची अळी प्रामुख्याने कण्हेरीवर वाढते. तगर, सदाफुली आणि सातवीण ही तिची इतर खाद्ये कण्हेरीच्याच कुळातली आहेत. कण्हेरीच्या पानांत हृदयाच्या ठोक्यांवर घातक परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि माणसाला व गुरांना ती प्राणघातक ठरू शकतात. ही अळी मात्र तीच पाने खाऊन हाताच्या बोटाएवढी होते. महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या फुलांच्या झाडावर असा एक जीव वाढत असतो, हे देवळाच्या आवारात रोज जाणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते.

ही अळी जवळून पाहिली तर तिची तपशीलवार घडण लक्षात येते. पूर्ण वाढलेली अळी हिरवी असून तिच्या दोन्ही बाजूंनी एक पांढरी रेघ मागपर्यंत जाते आणि त्या रेघेच्या आसपास बारीक पांढरे ठिपके विखुरलेले असतात. शेपटीकडे पिवळसर रंगाचे आखूड शिंग असते, तर डोक्यामागच्या भागावर काळ्या कडेचे दोन निळसर-पांढरे डोळ्यांसारखे ठसे असतात. तिला डिवचले की ती डोके आत ओढून तो भाग फुगवते आणि ते ठसे एकदम ठळक होतात. एखाद्या मोठ्या प्राण्याने डोळे वटारावेत असा भास त्यामुळे भक्षकाला होतो. कोषात जाण्याची वेळ आली की अळीचा हिरवा रंग काळपट तपकिरी होतो, ती झाडावरून खाली उतरते आणि पालापाचोळ्यात कोष करते. कोषातून बाहेर येणाऱ्या पतंगाच्या पंखांवर गडद व फिकट हिरव्या छटांमध्ये गुलाबी-पांढरे पट्टे असतात, पंखांचा पसारा साधारण दहा सेंटिमीटर असतो, आणि दिवसा पानांत स्वस्थ बसलेला हा पतंग अगदी जवळ असूनही नजरेला पडत नाही.

संध्याकाळ झाली की त्याचे आयुष्य सुरू होते. तो फुलावर बसत नाही. फुलासमोर हवेत एकाच जागी स्थिर राहून, गुंडाळून ठेवलेली लांब सोंड उलगडून मकरंद पितो आणि पुढच्या फुलाकडे जातो. वाऱ्याने फूल हलले तर त्याच्याबरोबर तोही हलतो. अंधारात, हवेत तरंगत, हलत्या फुलाच्या नळीत सोंड अचूक घालायची तर डोळे आणि तोल या दोहोंची कमालीची सूक्ष्मता हवी. २००२ मध्ये या कुलातल्या एका युरोपीय जातीवर झालेल्या प्रयोगांनी दाखवले, की माणसाला केवळ काळोख दिसतो अशा ताऱ्यांच्या प्रकाशातही हा पतंग फुलांचे रंग ओळखतो. २००७ मध्ये संजय साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुलातल्या एका अमेरिकी जातीत असे दाखवून दिले, की उडताना शरीर वळल्याची सूक्ष्म जाणीव पतंगाला मिशांच्या बुडाशी असलेल्या संवेदी अवयवाकडून मिळते आणि मिशा काढल्या तर त्याचे उड्डाण ढासळते. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात पुढे कण्हेरीवरच्या या पतंगावरही अशा स्वरूपाचे संशोधन झाले. अशी इंद्रिये लाभलेला जीव ‘रूपाला भुलून’ जळतो असे म्हणण्यापूर्वी त्याच्या इंद्रियांचे काम नेमके कसे चालते, हे पाहणे भाग आहे.

उडणाऱ्या कीटकापुढचा पहिला प्रश्न वर कोणते आणि खाली कोणते हा असतो. माणसाला जमिनीवर उभे असताना वजनामुळे हे आपोआप कळते, परंतु वेगाने वळणे घेणाऱ्या छोट्या शरीराला गुरुत्वाची ओढ आणि स्वतःच्या वळणाचा जोर वेगळे ओळखणे कठीण जाते. कीटकांच्या उत्क्रांतीत यावर एक साधा व भरवशाचा उपाय निर्माण झाला : जिकडे उजेड अधिक तिकडे पाठ करायची. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, त्यामुळे उजेडाकडे पाठ ठेवणारा कीटक आपोआप सरळ राहतो. कोट्यवधी वर्षे या उपायाने दगा दिला नाही, कारण तेवढ्या काळात रात्रीच्या वेळी जमिनीजवळ स्थिर व प्रखर उजेड क्वचितच असे.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील सॅम्युएल फेबियन, त्यांचे सहकारी यश सोंधी व इतरांनी २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने दिव्याभोवतीच्या घिरट्यांचे कोडे याच उपायाच्या आधारे उलगडले. प्रयोगशाळेत आणि कोस्टा रिकाच्या जंगलात अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या उड्डाणांत असे दिसले, की कीटक दिव्याच्या दिशेने थेट जात नाहीत. ते दिव्याकडे पाठ वळवतात. दिवा बाजूला असेल तर पाठ सतत त्याच्याकडे वळत राहते आणि उड्डाण घिरटीचे रूप घेते. कीटक दिव्याच्या खालून निघाला तर तो वर चढत जाऊन वेग गमावतो. दिव्याच्या वरून गेला तर उलटा होऊन खाली कोसळतो. वरच्या बाजूला पसरट उजेड दिला तेव्हा उड्डाण सुरळीत राहिले आणि तोच उजेड खालून दिला तेव्हा कीटक उलटे झाले. ज्योतीकडे जाण्याची इच्छा या वर्णनात कोठेच लागत नाही. दिव्याने त्या जीवाचे ‘वर’ चोरले आहे, एवढ्यावर सगळी हालचाल समजते.

याच संशोधनात तत्त्वचिंतकाने विशेष लक्षात घ्यावी अशी एक नोंद आहे. बहुतेक कीटक असे वागत असताना डॅफ्निस नेरी, म्हणजे कण्हेरीवरचा हा पतंग, आणि फळमाशी हे दोन अपवाद ठरले. वर तोंड करून ठेवलेल्या दिव्यावरून ते उलटे न होता उडत गेले. म्हणजे ‘पतंग दिव्याला भुलतो’ हे विधान कारणाच्या दृष्टीने जसे चुकीचे आहे, तसेच सर्व पतंगांना सरसकट लावण्याच्या दृष्टीनेही टिकत नाही. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे तर हेतू असिद्ध आहे आणि व्याप्ती, म्हणजे ‘जेथे हे तेथे ते’ असा अखंड संबंध, तुटलेली आहे.

यावर मीमांसकाच्या बाजूने एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वेदातील स्तुती-निंदेची वाक्ये मीमांसक अर्थवाद म्हणून वाचतात; त्यांचा हेतू वस्तुस्थिती सांगण्याचा नसून विधीकडे प्रवृत्त करण्याचा किंवा निषिद्धापासून परावृत्त करण्याचा असतो, आणि असे वाक्य प्रत्यक्षाशी विसंगत असेल तर ते गौण अर्थाने घ्यावे, असा त्यांचा नियम आहे. त्या न्यायाने पतंग जळतो की कोसळतो याने काही बिघडत नाही. ‘इंद्रिये आवरा’ हा उपदेश तेवढा घ्यावा, असे म्हणता येईल. आक्षेप वजनदार असला तरी तो अवधूताच्या प्रसंगाला लागू पडत नाही. हे गुरू आपण आपल्या बुद्धीने केले, असे अवधूत स्वतः सांगतो. त्यांतल्या एकाही गुरूने त्याला मंत्र दिला नाही की उपदेश केला नाही. त्याने पाहिले, विचार केला आणि शिकला. त्या शिकवणुकीचे सारे बळ निरीक्षणाच्या सच्चेपणात आहे. निरीक्षण चुकले तरी चालेल असे म्हटले, तर पतंग गुरू उरत नाही, आधीच ठरलेल्या मतावर लावलेली शोभेची वस्तू उरतो. गुरूला असे वागवणे अवधूताच्या मार्गात बसणारे नाही.

मग सुधारलेल्या निरीक्षणातून पतंग काय शिकवतो? न्यायदर्शनात राग, द्वेष आणि मोह असे दोषांचे तीन गट सांगितले आहेत आणि त्यांत मोह सर्वांत वाईट मानला आहे, कारण मोह नसेल तर बाकीचे दोन उत्पन्नच होत नाहीत. मोह म्हणजे वस्तूविषयी विपरीत समज. दर्शनाच्या आरंभीच्या सूत्रांत दुःखाच्या साखळीचे शेवटचे टोकही मिथ्याज्ञान हेच आहे : ते गेले की दोष जातात, दोष गेले की प्रवृत्ती जाते, प्रवृत्ती गेली की जन्म आणि जन्म गेला की दुःख. जुन्या दृष्टान्ताने पतंगाला रागाच्या, म्हणजे आसक्तीच्या कडीवर बांधले होते. नवे निरीक्षण त्याला एक कडी मागे, थेट मुळाशी नेते. पतंगाला काही हवे होते म्हणून तो पडला नाही. एका खुणेचा अर्थ बदलला आहे हे त्याला कळू शकले नाही, म्हणून पडला.

येथे दुसरा आक्षेप संभवतो : पतंगाची पाठ वळणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला ‘ज्ञान’ आणि मग ‘मिथ्याज्ञान’ म्हणणे म्हणजे त्याच्यावर पुन्हा माणसाचे मन लादणे होय. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जायला हवे, आणि त्यासाठी भ्रमाविषयीच्या भारतीय वादांत एक नेमके मत उपलब्ध आहे. शिंपल्याला चांदी समजण्यात नैयायिकांच्या मते एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचे धर्म प्रत्यक्ष दिसतात. या मताला अन्यथाख्याती म्हणतात. प्रभाकर मीमांसक मात्र म्हणतात, की खोटे असे ज्ञान कधी नसतेच. समोरचे चकाकणे खरे असते, आठवलेली चांदीही खरी असते, फक्त या दोहोंतला भेद लक्षात येत नाही आणि त्या न-कळण्यातून चुकीची कृती घडते. या मताला अख्याती म्हणतात. पतंगाला अख्याती तंतोतंत लागू पडते. दिव्याचा उजेड खरा आहे, उजेडाकडे पाठ करण्याचा नियमही खरा आहे. आकाशाचा उजेड आणि दिव्याचा उजेड यांतला भेद तेवढा त्याच्या शरीराला घेता येत नाही. त्याच्या मनात काय चालले आहे याची कल्पना न करताही एवढे निश्चितपणे म्हणता येते.

माणसाला हा दृष्टान्त लावणे कितपत योग्य, याचे उत्तर शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या प्रस्तावनेत देऊन ठेवले आहे. अध्यास, म्हणजे एका वस्तूवर दुसरीचा आरोप, समजावताना ते म्हणतात की व्यवहारात विद्वान माणूसही पशूहून वेगळा नाही : हातात काठी उगारलेला माणूस दिसला की जनावर दूर पळते, ओंजळीत हिरवे गवत घेतलेला दिसला की जवळ येते, आणि माणूसही असाच खुणा वाचत वागतो. खुणांवर विसंबणे हा अपराध नव्हे, त्यावाचून जगणेच शक्य नाही. पतंगाचा नियम वाईट होता म्हणून तो मेला असेही नाही. त्याच नियमाने त्याच्या असंख्य पूर्वजांना तारले होते. माणसाचीही बहुतेक पतने याच प्रकारची असतात. बहुसंख्यांच्या मताला सत्य समजणे, मोठ्या आवाजाला अधिकार समजणे, भीतीला भक्ती समजणे, यांत वासनेपेक्षा भेद न कळण्याचा वाटा मोठा असतो. अशा माणसाला ‘तू लोभी आहेस’ असे सांगून त्याचा तोल परत येत नाही. कोणती खूण खोटी पडली हे त्याला दाखवावे लागते. उपदेशकाचे काम त्यामुळे अधिक कठीण आणि अधिक करुणेचे होते.

या नव्या वाचनात स्त्रीला ज्योत ठरवणारी मांडणीही गळून पडते. ज्योतीने पतंगाला बोलावलेले नसते आणि पतंगाने ज्योतीची अभिलाषा धरलेली नसते. तोल गमावण्याचे कारण पाहणाऱ्याच्या खुणा वाचण्याच्या रीतीत आणि भोवतालच्या बदललेल्या परिस्थितीत आहे. ज्याच्याकडे पाहिले जाते त्याच्या माथी ते मारता येत नाही.

शेवटी जबाबदारीचा प्रश्न उरतो. लोभाने जळणाऱ्याचे मरण त्याच्या कर्माच्या खात्यावर टाकून मोकळे होता येते. खोट्या आकाशाने फसलेल्याचे मरण मात्र दिवा लावणाऱ्याशी येऊन पोहोचते. श्रमण परंपरांनी हे पूर्वीच ओळखले होते. जैन आचारात रात्रीभोजनाचा त्याग सांगताना दिव्याकडे व अन्नाकडे येऊन मरणाऱ्या सूक्ष्म जीवांचा विचार केला आहे. पावसाळ्यात जीवसृष्टी उफाळून येते म्हणून जैन व बौद्ध साधूंनी चातुर्मासात एका जागी राहण्याचा नियमही त्याच जाणिवेतून पाळला. तेलाच्या पणतीच्या काळात जे नियम आवश्यक वाटले, ते रात्रभर उघडे तळपणाऱ्या विजेच्या दिव्यांच्या काळात अनावश्यक कसे ठरतील? देवळांच्या शिखरांवर आणि मंडपांवर खालून वर सोडलेले प्रखर झोत हे कीटकाच्या दृष्टीने सर्वांत घातक दिवे आहेत, कारण ते आकाशालाच जमिनीवर आणतात. तेच दिवे झाकलेले, खाली रोखलेले, मंद आणि गरजेपुरतेच लावणे अवघड नाही.

तेव्हा पतंगाला अवधूताच्या चोवीस गुरूंमधून काढण्याचे कारण नाही. त्याच्या नावावर खपवलेला धडा तेवढा बदलायला हवा. आसक्तीची निंदा करायची तर तिच्यासाठी माणसाच्या आयुष्यात पुरेशी उदाहरणे आहेत. पतंगाकडून शिकण्याजोगी गोष्ट अशी, की कालपर्यंत खरी ठरलेली खूण आज खरी आहे का हे तपासून घ्यावे आणि दुसऱ्याची खूण खोटी पडेल असे काही आपल्या हातून होऊ देऊ नये. कीर्तनकारांनी, प्रवचनकारांनी आणि शिक्षकांनी हा दृष्टान्त पुढच्या वेळी या रूपात सांगावा, आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी रात्रीची आरती झाल्यावर शिखरावरचे झोत बंद करावेत.